फोनवरचा चोर आणि शेजारीण

आमचा जोयडा तालुका म्हणजे जंगल, डोंगर आणि पाऊस. पूर्वी ह्याला सुपा म्हणायचे. काळी नदीवर धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथली कितीतरी माणसं रामनगरला येऊन वसली. इथल्या वाड्यांवर अजूनही घराचं दार रात्री नुसतं लोटून घेतात. कडी घालायची फारशी सवय नाही. चोर आलाच, तर तो आधी कुत्र्याला कळायचा. कुत्रं भुंकलं की शेजारीण जागी व्हायची, "कोण रे तो?" म्हणून ओरडायची, की सगळी वाडी बॅटऱ्या घेऊन अंगणात. एवढ्या पहाऱ्यातून भांडं जरी उचलायचं म्हटलं, तरी चोराची छाती व्हायची नाही.

आताचा चोर फोनमधून येतो. तो अंगणात पाऊल टाकत नाही, म्हणून कुत्रं भुंकत नाही. शेजारणीला तो दिसत नाही. सरळ आपल्या कानात येऊन बोलतो आणि पहिली गोष्ट सांगतो ती हीच, की "कुणाला सांगू नका." गेली काही वर्षं ह्या चोऱ्यांच्या बातम्या वाचताना आणि आमच्या दुकानात बसून माणसांचं ऐकताना मला एक गोष्ट दिसत आली. पैसे नंतर जातात, त्याआधी माणूस एकटा पाडला जातो. म्हणून ह्या विषयावर तांत्रिक माणसांनी लिहावं हे खरं, पण घरातल्या बाईनेही लिहावं असं मला वाटलं. घरात कोण गप्प झालंय, कोण जेवत नाहीये, कोण फोन घेऊन मागच्या खोलीत जातंय, हे पहिल्यांदा तिलाच कळतं.

लग्न होऊन मी रामनगरला आले तेव्हा आमच्या किराणा दुकानात दोनच व्यवहार होते, रोख आणि उधारीची वही. आता गल्ल्यापुढे क्यूआरचा पुठ्ठा आहे आणि शेजारी पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबा. बाजाराच्या दिवशी गड्डे-कंद विकायला आलेल्या कुणबी बाईच्या पाटीवरही तोच पुठ्ठा दिसतो. ही चांगलीच गोष्ट आहे. बाईच्या हातचा पैसा तिच्या खात्यात जातो, दारूच्या वाटेला लागत नाही. त्यामुळे "हे मोबाइलचं नकोच बाई" असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण ज्या वाटेने पैसा येतो त्याच वाटेने तो जातोही, आणि ती वाट आम्हांला कुणी नीट चालून दाखवली नाही.

साधी गोष्ट घ्या. "आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब ह्या नंबरवर बोला," असा निरोप हेस्कॉमच्या नावाने माझ्या जाऊबाईंना आला. त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, "पावसाळ्यात आपली लाइट तशीही दोन-दोन दिवस नसते. हा बापडा काय तोडणार?" आम्ही हसलो. पण हाच निरोप हुबळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आला असता, तर त्याने घाबरून फोन केला असता. मग "एक छोटं ॲप टाका, दहा रुपये भरून बघा" म्हणत त्या ॲपमधून त्याच्या फोनचा पडदा पलीकडच्याला दिसू लागला असता, आणि खातं रिकामं झालं असतं. निरोप तोच असतो. भीती वाटल्यावर शेजारी हसायला कुणी आहे की नाही, ह्यावर सगळं ठरतं.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. आमच्या तालुक्यात गणेशगुडीच्या राफ्टिंगमुळे आणि काळी अभयारण्यामुळे पर्यटक वाढले. पुष्कळ घरांनी दोन खोल्या काढून होमस्टे सुरू केले. जगलबेटकडच्या एका वाडीवरची सून आमच्याकडे सामान न्यायला येते. एका दुपारी ती फोन हातात घेऊन गल्ल्यापाशी आली. "वैनी, हे जरा बघा की. मिलिट्रीतला माणूस आहे म्हणे. वीस जणं येणार आहेत, आगाऊ दहा हजार आत्ताच पाठवतो म्हणतोय." फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही त्याने पाठवलं होतं. मग त्याने एक क्यूआर पाठवला. "आमच्या खात्याची पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे. हा स्कॅन करा, रक्कम घाला, तुमचा पिन घाला, लगेच पैसे तुमच्याकडे येतील."

मी तिला एवढंच विचारलं, "पैसे कुणी द्यायचे? त्याने ना? मग पिन तू कशाला घालायचा?"

ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "होय की वैनी! देणार तो आणि पेटीची कडी मी काढायची?" तिने त्याला सांगितलं, "या तुम्ही, रोख द्या, जेवण तयार ठेवते." पलीकडून फोन कट.

"पेटीची कडी" हे तिने जे म्हटलं, त्याहून सोपं मला आजवर कुणी समजावलेलं नाही. पैसे यायला पिन लागत नाही. पिन घातला म्हणजे आपण आपल्या पेटीची कडी काढली. समोरचा फौजी असो, बँकेचा साहेब असो की सरकारी योजनेचा माणूस असो, पैसे "मिळवण्यासाठी" पिन मागतोय म्हणजे तो चोर. ओटीपीचंही तेच. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. आपण ती फोनवर वाचून दाखवली, म्हणजे किल्ली खिडकीतून बाहेर टाकली.

दुकानदारांच्या बायकांनी आणखी दोन-तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात. बाजाराच्या गर्दीत कुणी "झालं बघा पेमेंट" म्हणून आपला मोबाइल दाखवतो, हिरवी खूण दाखवतो आणि पिशवी घेऊन जातो. तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप मिळतात. त्याच्या मोबाइलवर काय दिसतं ह्याला किंमत नाही, आपल्या खात्यात काय आलं ते बघायचं. पुठ्ठ्यावर रात्रीतून दुसऱ्याचा क्यूआर चिकटवून जाण्याचे प्रकार होतात. सकाळी दुकान उघडताना आपल्याच फोनने एकदा स्कॅन करून नाव आपलं येतं का पाहायचं, झाडलोट करावी तसं.

आणि घाऊक व्यापाऱ्यांसाठी एक, कारण आपल्या समाजात पुष्कळ घरं त्यात आहेत. आपला धंदा शब्दावर चालतो. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून माल येतो त्याच्या नावाने निरोप येतो, "आमचं बँक खातं बदललं आहे, ह्यापुढे पैसे ह्या खात्यात पाठवा." अक्षर तेच, बिलाचा नमुना तोच, ईमेलच्या पत्त्यात फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. कुणीतरी त्यांचा किंवा आपला ईमेल आधीच वाचत बसलेला असतो आणि मोठं बिल येण्याची वाट बघत असतो. अशा वेळी त्या निरोपातल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या वहीत जो जुना नंबर आहे, त्यावर करायचा आणि ओळखीचा आवाज ऐकायचा. दोन मिनिटं लागतात. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलचंही असंच. नावाच्या शेवटी "एपीके" असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे, आणि उघडल्यावर ते आपले एसएमएस वाचू शकतं. पाठवणारी आपली मावसबहीण असली तरी आधी तिला फोन करून विचारावं. बऱ्याचदा तिचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

इथवरच्या चोऱ्या लोभाच्या किंवा घाईच्या. त्या आपण हसत सांगू शकतो. पण आमच्या शेजारच्या तालुक्यात जे घडलं, ते आठवलं की हसू येत नाही.

रामनगरहून बेळगावला जाताना खानापूर लागतं. त्या तालुक्यातल्या एका गावात मार्च 2025 मध्ये एका वृद्ध दांपत्याने आपलं जीवन संपवलं. दोघंही ऐंशीच्या आसपास. आयुष्यभर नोकरी करून गावी येऊन राहिलेली माणसं. त्यांना फोन आला होता, तुमच्या नावावरच्या सिमकार्डचा गुन्ह्यात वापर झाला आहे. मग दुसरा माणूस पोलीस अधिकारी म्हणून बोलला. पैसे मागितले गेले, दिले गेले, पुन्हा मागितले गेले. पन्नास लाखांहून जास्त रक्कम गेली आणि तरीही मागणी थांबली नाही. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत हे सगळं लिहिलेलं होतं.

ही बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ते गाव काही अरण्यात नव्हतं. दूधवाला आला असेल, पोस्टमन आला असेल, कुणी "काय आजोबा, बरं आहे ना?" म्हणून विचारून गेलं असेल. आणि आजोबांनी "बरं आहे" म्हटलं असेल. कारण फोनवरच्या माणसाने बजावलेलं असतं, हे गुप्त आहे, बाहेर बोललात तर लगेच अटक. वर अब्रूची भीती. ज्या माणसाने जन्मभर कुणाचा पैसा बुडवला नाही त्याला पोलिसाचा फोन म्हणजेच कलंक वाटतो. गुन्हेगाराला अशी भीती वाटत नाही. म्हणून हा सापळा नेमका सरळ माणसालाच अडकवतो.

कुणाला वाटेल, खेड्यातली म्हातारी माणसं, फसली. तसं नाही. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल हे पद्मभूषण मिळालेले उद्योगपती. कापड धंद्यातल्या आपल्या लोकांना हे नाव सांगायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांना असाच फोन आला, तुमचं नाव पैशांच्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात आहे म्हणून. दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं, झोपतानाही कॅमेरा चालू. खोटं सर्वोच्च न्यायालय उभं केलं, सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून कुणीतरी बोललं, खोटा आदेश पाठवला. सात कोटी रुपये गेले. त्यांच्या बाबतीत तक्रार लवकर झाली आणि पोलिसांना सव्वापाच कोटी रुपये परत मिळवता आले. हे त्यांनी लपवून न ठेवता स्वतः जगाला सांगितलं, ह्याचं मला फार मोल वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाने "मी फसलो" म्हटलं, की आपल्या गल्लीतल्या काकांनाही ते म्हणायची लाज उरत नाही.

ह्या प्रकाराला "डिजिटल अरेस्ट" असं नाव पडलंय. अशी अटक आपल्या कायद्यात कुठेच नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे भरायला सांगत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये हा विषय काढला, तेव्हा जे संभाषण त्यांनी ऐकवलं ते आपल्या कर्नाटकातल्या विजयपूरच्या माणसाचं होतं. तो फसला नाही, उलट त्याने सगळं चित्रित करून ठेवलं. थांबा, विचार करा, मग कृती करा, असं त्या दिवशी सांगण्यात आलं. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. थांबा, विचार करा, ह्यात मी माझ्यापुरता एक शब्द वाढवते, तो म्हणजे बोला. घाबरलेल्या माणसाला एकट्याने विचार करता येत नाही. त्याला कुणाजवळ तरी बोलून विचार करता येतो.

फोन करणारे असतात तरी कोण? त्यातले पुष्कळ म्यानमार, कंबोडिया, लाओससारख्या देशांत कुंपणाच्या आत बसवलेले असतात. संगणकावरची नोकरी, चांगला पगार, अशी जाहिरात वाचून गेलेली आपलीच मुलं. तिथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतात, आणि फसवलं नाही तर मारहाण. मार्च 2025 मध्ये सरकारने म्यानमारच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना विमानाने परत आणलं. म्हणजे फोनच्या एका टोकाला आपले घाबरलेले आजोबा, आणि दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी घाबरलेला मुलगा, असंही असू शकतं. मुलाला परदेशी नोकरी लागली असं कुणी सांगितलं, तर अभिनंदन करतानाच कंपनीचं नाव, व्हिसा, एजंट विचारावा. तेही ह्याच संरक्षणातलं काम आहे.

आणि पैसा? तो काही फोनमधून थेट म्यानमारला जात नाही. तो आधी इथल्याच कुणाच्या तरी खात्यात जातो, तिथून दहा खात्यांत, तिथून रोख होऊन किंवा क्रिप्टो होऊन गायब. ही खाती भाड्याची असतात. कॉलेजातल्या पोराला, मजुरीला जाणाऱ्या बाईला कुणीतरी येऊन सांगतं, "तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार देतो." त्या बिचारीला वाटतं, रिकामंच पडलेलं खातं आहे, गेलं तर काय गेलं? पोलीस येतात तेव्हा मात्र नाव तिचं असतं.

अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले. चोराला प्रवृत्त करणं म्हणजे स्तेनप्रयोग. चोरून आणलेलं ठेवून घेणं म्हणजे तदाहृतादान. खऱ्यासारखं खोटं करून व्यवहार करणं म्हणजे प्रतिरूपक व्यवहार. तेव्हा वाटायचं, हे सगळं जुन्या काळचं, दुधात पाणी आणि तुपात चरबी घालणाऱ्यांसाठी. आता खोटं न्यायालय, बँकेची हुबेहूब खोटी वेबसाइट, माणसाचा नकली आवाज ह्याला दुसरा कुठला शब्द लावाल? आणि भाड्याचं खातं म्हणजे तदाहृतादानच की. "मी कुठे चोरी केली, मी नुसतं खातं दिलं," हे उत्तर आपल्या शास्त्रातही चालत नाही आणि कायद्यातही चालत नाही. घरात काम करणाऱ्या मुलीला, दुकानातल्या पोऱ्याला हे सांगणं आपलं काम आहे. त्यांना कोण सांगणार दुसरं?

ह्यात सरळ दुकानदारही कधी कधी अडकतो. चोरीचे पैसे घेऊन कुणी त्याच्याकडून तांदूळ नेतो, क्यूआरवर पैसे भरतो, आणि काही आठवड्यांनी खात्यातली ती रक्कम, कधी अख्खं खातंच, गोठवलं जातं. घाबरून गप्प बसू नये. बँकेत जाऊन तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाणं कुठलं ते लेखी विचारावं, त्या दिवसाचं बिल दाखवावं. बिलं जपून ठेवायला हे एक कारण पुरेसं आहे.

आपला पैसा बँकेत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण बँकेचीही राखण करावी लागते. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 सालची. 11 ऑगस्ट 2018 रोजी, दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना तिच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्यांनी आपला कारभार सुरू केला. एटीएममधून पैसे काढायचे झाले की यंत्र बँकेला विचारतं, देऊ का? ह्या चोरांनी बँकेऐवजी आपलीच खोटी यंत्रणा मध्ये बसवली होती, आणि ती प्रत्येक वेळी "द्या" म्हणत होती. 28 देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे निघाले. आपल्याकडे मुंबई, इंदूर आणि कोल्हापुरातही निघाले. 13 ऑगस्टला आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. मिळून 94 कोटींहून जास्त. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली, पण ते बहुतेक एटीएमपाशी उभे राहणारे हात होते. डोकं कुठे होतं, त्याचा माग संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी उत्तर कोरियापर्यंत लावला.

कोल्हापूरच्या एटीएमपाशी उभा असलेला पोरगा आणि उत्तर कोरिया! वाचताना चित्रपट वाटतो. पण त्या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले, आणि त्यामुळे आपल्यालाही एक प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. आपल्यापैकी कितीजणी पतसंस्थांच्या, सहकारी बँकांच्या सभासद आहोत! वार्षिक सभेला आपण जातो, अहवालाची चकचकीत प्रत आणि मिठाईचा पुडा घेऊन येतो. एखादीने उभं राहून विचारावं, "आपल्या संस्थेने सुरक्षेवर ह्या वर्षी काय केलं? सुट्टीच्या दिवशी यंत्रणेवर लक्ष कोण ठेवतं?" अध्यक्ष दचकतील. दचकू देत.

आता कामाच्या चार गोष्टी. पैसे गेले असं वाटलं त्या क्षणी 1930 ह्या नंबरवर फोन. आधी रडणं नको, आधी नवऱ्याला समजावणं नको, आधी 1930. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उडायच्या आत तो अडवता येतो, पण तासाभराचा उशीरही महाग पडतो. रकमेचा आकडा, वेळ, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. त्याच वेळी बँकेला कळवावं, मग केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवावी. कर्नाटकात प्रत्येक जिल्ह्यात "सेन" नावाचं पोलीस ठाणं असतं, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी. आमचं कारवारला आहे. अणशी घाट उतरून जावं लागतं, पण फोन आधी करता येतो, घाट नंतर उतरता येतो. आमच्यासारख्या भागात रेंज नसते, म्हणून रेंज कुठल्या वळणावर मिळते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. ज्या बाईला मोबाइल लावता येत नाही, तिने शेजारणीकडे धावत जावं.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी एक नियम घालून दिला. आपली आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच कुठून तरी खात्यातून पैसे काढले, आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्या माथी येत नाही. पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कुठल्याही परिस्थितीत लवकर कळवण्यातच हित.

आणि अंगठा. आमच्याकडे वाडीवर येणाऱ्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा लावून कितीतरी बायका पेन्शनचे, अनुदानाचे पैसे काढतात. 2023 साली कर्नाटकात खरेदीखतांच्या कागदांवरचे ठसे उचलून त्यावरून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचं उघड झालं होतं. आधारच्या ॲपमधून किंवा आधार केंद्रात जाऊन आपला अंगठा "लॉक" करता येतो, लागेल तेव्हा तेवढ्यापुरता उघडता येतो. घरात नातवंडं आहेत ना? त्यांच्याकडून हे एक काम करून घ्या.

ह्या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट घरातली आहे. कुणाचे पैसे गेले की पहिलं वाक्य काय निघतं? "एवढं कसं कळलं नाही तुला?" सुनेला सासू म्हणते, आईला मुलगा म्हणतो, बायकोला नवरा तर म्हणतोच. हे वाक्य एकदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी काही सांगत नाही. आमच्या ओळखीतल्या एका सुशिक्षित बाईंचे चाळीस हजार गेले. त्यांनी दोन महिने घरखर्चातून चिमटा काढून ते भरून काढले, पण घरी बोलल्या नाहीत. चाळीस हजार परत मिळायची जी काही शक्यता होती, ती त्या पहिल्या दिवसाच्या गप्पपणात गेली. त्यांना चोराची भीती वाटली नव्हती, दिवाणखान्यात बसलेल्या माणसांची वाटली होती. 2024 ह्या एका वर्षात देशभरात लोकांनी अशा चोऱ्यांत 22,845 कोटी रुपये गमावले, असं सरकारने संसदेत सांगितलं. एवढ्या मोठ्या आकड्यात सगळेच काही मूर्ख नव्हते ना?

फसलेल्या माणसाला दोष देऊ नये, हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं नाही. त्यात हिशेब आहे. ज्या घरात सांगितल्यावर शिव्या बसत नाहीत, त्या घरात माणूस दहाव्या मिनिटाला सांगतो, आणि दहाव्या मिनिटाला सांगितलेलं वाचवता येतं. पैसे गेलेच, तर माणूस तरी वाचतो. कुणी फार खचलेलं दिसलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत.

आमच्या स्वाध्याय मंडळात आता दर महिन्याला शेवटची दहा मिनिटं ह्यासाठी ठेवली आहेत. कुणाला काय फोन आला ते सांगायचं. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एका आजींनी सांगितलं, त्यांना केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली होती. सगळ्या हसल्या, आणि मग एकेक तोंड उघडू लागली. आता तर चढाओढ असते, कुणाला जास्त चांगला चोर भेटला ह्याची. त्या आजींना परवा पुन्हा फोन आला, सीबीआयमधून बोलतोय म्हणून. आजींनी विचारलं, "बाबा, तुझं जेवण झालं का?" तो गडबडला. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि अंगणातून हाक मारली, "अगो, इकडे ये गं जरा, सीबीआयवाला आलाय!" शेजारीण हातातलं काम टाकून, ओल्या हातांनीच, कुंपणापाशी आली.